शाळेत का नाही घातलं? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मी आमच्या घराबद्दल लिहिलं होतं, की दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात, दिवस कसा जातो वगैरे. त्यावर बरेच ईमेल आले, व्हॉट्सॅप आले आणि चक्क पोस्टकार्डंसुद्धा (पोस्टकार्डवाल्या आजींना स्पेशल नमस्कार, अक्षर काय सुंदर आहे तुमचं). मला वाटलं होतं लोक विचारतील की गणित कसं घेता, सायन्सच्या प्रयोगांचं काय करता. ते फार कमी जणांनी विचारलं. बहुतेकांचं म्हणणं एकच, घरी शिकवणं एक वेळ जमतंय हो, पण लोकांना काय सांगायचं? म्हणून या वेळी फक्त तेच घेतलंय. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय, आणि लांब पत्रं कापलीत त्याबद्दल रागवू नका.

नाशिकहून एक आई लिहितात: मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. मुलीला पहिलीनंतर शाळेतून काढलं, आता घरीच. आम्ही दोघं ठाम आहोत, तो प्रश्नच नाही. प्रॉब्लेम लग्नकार्यात होतो. परवा चुलत दिराच्या लग्नात मामेसासऱ्यांनी पोरीला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, सतराचा पाढा म्हण बघू. तिला नाही आला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी काहीतरी गुळमुळीत बोलले. मे महिन्यात परत लग्नं आहेत. काय बोलायचं ते आधीच ठरवून जावं म्हणते.

सतराचा पाढा, सात वर्षांच्या पोरीला! अहो त्याच हॉलमध्ये शाळेत जाणारी तिच्या वयाची पाच-दहा पोरं बागडत असतील ना, त्यातल्या कितींना आला असता? त्यांना कुणी उभं केलं नाही, कारण त्यांचं ठीक चाललंय असं सगळ्यांनी धरलेलं असतं, आणि तुमच्या मुलीचं मात्र दर लग्नात सिद्ध करून दाखवायचं. हा हिशोब आपण मान्यच करायचा नाही. आधी हे मनाशी पक्कं करा, मग तोंडातून गुळमुळीत काही येणार नाही.

आता बोलायचं काय. मामांना तिथल्या तिथे, हसत, पण लगेच म्हणायचं, "मामा, परीक्षा नको हं, ती सध्या पतंग करायला शिकलीय, त्याचं विचारा, तासभर सोडणार नाही तुम्हाला." म्हणजे मुलीला तिथून सोडवायचं आणि मामांनाही तोंडघशी पाडायचं नाही. हे तुम्ही किंवा तुमच्या मिस्टरांनी बोलायचं, मुलीवर सोडायचं नाही. खरं तर मिस्टरांनीच बोलावं, मामा त्यांचे आहेत. आणि नंतर घरी येऊन गपचूप पाढ्यांचा तक्ता भिंतीला लावू नका, म्हणजे पाढे शिकवा जरूर, पण मामांसाठी नको. मुलांना ते बरोब्बर कळतं.

एक गोष्ट मात्र सांगते, ती जरा पटवून घ्या. आपल्याकडे "मुलीला शाळेतून काढलं" या वाक्याचा एकच अर्थ माहितीय लोकांना. काढलं म्हणजे आता धुणीभांडी, धाकट्या भावाला सांभाळणं आणि वयात आली की लग्न. १८४८ ला फुल्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हापासून ह्या एका गोष्टीसाठी किती बायकांनी काय काय सोसलंय. आपल्या आज्या-पणज्यांतल्या कितीतरी जणी चौथी झाली बास झालं म्हणून घरी बसलेल्या. त्यामुळे तुमच्या सासूबाईंच्या पिढीतलं कुणी हे ऐकून दचकलं तर ते नुसतं भोचकपणाने नसतं, त्यांना खरंच पोटात गोळा येतो. म्हणून मी तर "शाळेतून काढलंय" असं म्हणतच नाही. "ती घरी शिकतेय, दहावीची परीक्षा देणार आहे" एवढं एका दमात सांगते. परीक्षेचा शब्द ऐकला की निम्म्या लोकांचा जीव भांड्यात पडतो आणि विषय जेवणाकडे वळतो.

उरलेले निम्मे विचारतात मित्र कसे होणार. याला "आमचे खूप मित्र आहेत" असं ठोकून द्यायची गरज नाही. खरी परिस्थिती सांगा. आमच्याकडे सकाळचे चार-पाच तास मुलांच्या वयाचं कुणी खाली नसतं, सगळी सोसायटी शाळेत. संध्याकाळी मुलं येतात ती थेट क्लासला जातात आणि आमचा धाकटा बॅट घेऊन जिन्यात बसलेला असतो. हे आहे, नाही म्हणून काय करता. त्यावर उपाय म्हणून कुणी तालमीत घालतं, कुणी पोहायला, कुणी घरी शिकणाऱ्या दुसऱ्या दोन कुटुंबांशी आठवड्यातून दोनदा भेटायचं ठरवतं. हे असं खरं सांगितलं की समोरचा माणूस वाद घालायचं सोडून सल्ला द्यायला लागतो, आणि सल्ले कधी कधी चांगले असतात. आम्हाला बुद्धिबळवाले काका असेच एका लग्नात मिळाले.

कराडहून एक निवृत्त मुख्याध्यापक: मी ३४ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. माझ्या मुलाने आणि सुनेने नातवाला शाळेत न घालण्याचा निर्णय घेतला आहे. मी बोललो नाही, पण मनाला लागले आहे. सकाळी फिरायला जातो तेथे सगळे माजी शिक्षक. ते विचारतात, गुरुजी, नातू कोणत्या शाळेत? मी विषय बदलतो. हे कायद्यात तरी बसते का, एवढे स्पष्ट सांगावे.

गुरुजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्हाला लागलंय ते बरोबरच आहे, आयुष्यभर दारोदार जाऊन "पोरं शाळेत पाठवा" म्हणून सांगितलं आणि स्वतःच्याच घरात हे. सूनबाईंनी आणि मुलाने निर्णय घेण्याआधी तुमच्याशी बसून बोलायला हवं होतं असं मला वाटतं. बोलले असतील तर माफ करा, पत्रावरून तसं दिसत नाही.

कायद्याचं स्पष्ट सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, वय ६ ते १४. त्याच्या कलम १० मध्ये पालकाचं कर्तव्य लिहिलंय की मुलाला जवळच्या शाळेत घालावं. हे कर्तव्य आहे हे खरं, ते लपवण्यात अर्थ नाही, पण ते पाळलं नाही म्हणून पालकांना दंड किंवा शिक्षा अशी तरतूद त्या कायद्यात नाही. दंड आहे तो मान्यता नसताना शाळा चालवणाऱ्याला, एक लाखापर्यंत, आणि बंद केली नाही तर रोजचे दहा हजारापर्यंत. म्हणून मी घरी शिकवणाऱ्या सगळ्यांना सांगते, आपल्या पोरांना शिकवा, पण शेजारची पंधरा पोरं गोळा करून फी घेऊन वर्ग सुरू करू नका, ते प्रकरण वेगळं होतं. घरातून शिकण्याचा पर्याय कायद्यात एका ठिकाणी सरळ लिहिलाय, २०१२ च्या दुरुस्तीत, पण तो बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी. बाकीच्यांसाठी कायदा गप्प आहे. थोडक्यात, उघड परवानगी नाही आणि पालकाला शिक्षाही नाही. जे आहे ते हे असं आहे, सूनबाई जर "एकदम लीगल आहे बाबा" असं म्हणत असतील तर तेवढं सोपं नाही, आणि कट्ट्यावर कुणी "पोलीस येतील" म्हणत असेल तर तेही खरं नाही.

आणि समजा उद्या नातवाला शाळेत जावंसं वाटलं, तर कलम ४ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल, वयानुरूप वर्गात प्रवेश. तुम्ही स्वतः किती मुलं अशी बसवून घेतली असतील वर्गात. म्हणजे दार बंद झालेलं नाही.

एक व्यवहाराची गोष्ट मात्र तुम्हीच घरात काढा, कारण तरुण आईबापांच्या डोक्यात ती येत नाही. दाखला. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे जन्मतारीख, जात, राष्ट्रीयत्व सगळं त्या एका कागदावर, आणि पुढे जातीचा दाखला, पडताळणी, डोमिसाईल जिथे जाल तिथे तो मागतात. नातवाकडे तो नसणार. म्हणून नगरपालिकेचा जन्मदाखला नीट नावासकट, आणि वडिलांचे, तुमचे स्वतःचे शाळेचे दाखले, निर्गम उताऱ्याच्या (शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीच्या) प्रती, हे सगळं आत्ताच एका फाईलमध्ये लावून ठेवलं तर पुढे धावपळ होत नाही. हे काम तुमच्याइतकं नीट घरात दुसरं कुणी करणार नाही.

कट्ट्यावर काय सांगायचं? कोसबाडची आठवण करून द्या त्यांना. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं, आणि गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणावर नेली, कुरणशाळा. डी.एड.ला सगळ्यांनी वाचलंय ते. तुमच्या नातवाची परिस्थिती तशी नाही हे मलाही कळतं, त्याचे आईबाप शिकलेले आहेत, घरात पुस्तकं आहेत, त्या पोरांकडे काहीच नव्हतं. पण शिकणं आणि शाळेची इमारत या दोन गोष्टी वेगळ्या धरता येतात हे तुमच्या मित्रांना त्यावरून पटकन कळेल. नाही पटलं तर नाही. "मलाही पूर्ण पटलेलं नाही, पण पोरगं वाचतंय चांगलं" असंही सांगू शकता की, तुमच्यावर सुनेची बाजू मांडायची सक्ती नाही.

आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, हे अपूर्णांकांचे पाढे येतात ना तुम्हाला? मग नातवाचा तास घ्या रोज सकाळी. शाळांमध्ये आता ते क्वचितच शिकवतात.

ठाण्याहून एक शेजारीण: आमच्या मजल्यावर एक कुटुंब आहे त्यांची दोन्ही मुलं घरीच असतात. मला खरंच कुतूहल आहे, टीका करायची नाहीये. पण विचारलं की त्या बाई एकदम सावध होतात. कसं विचारू?

तुमच्यासारख्या शेजारणी सगळ्यांना मिळोत. त्या सावध होतात कारण तुमच्या आधी वीस जणांनी विचारलंय आणि त्यातल्या अठरांनी उत्तर ऐकायच्या आत आपलं मत दिलंय. "का" ने सुरुवात करू नका, "का" म्हटलं की बचाव सुरू होतो. "आज काय केलं मुलांनी" असं विचारा, किंवा "मला जरा सांगाल का दिवस कसा जातो, मला समजून घ्यायचंय". मुलांना मात्र काही विचारू नका अभ्यासाचं, लिफ्टमध्ये तर नकोच, ती जागा मुलांच्या उलटतपासणीसाठीच बांधलीय असं वाटतं मला. त्यापेक्षा तुमच्याकडे शिवणाचं मशीन असेल, बाल्कनीत झाडं असतील, तुम्ही बँकेत असाल, काहीही, तर म्हणा की मुलांना दाखवायचं असेल तर या एकदा. घरी शिकवणाऱ्या आईला याच्याइतकं गोड वाक्य दुसरं नाही.

पण एक अपवाद. मुलं कधीच बाहेर दिसत नाहीत, घाबरलेली आहेत, घरातली किंवा दुकानातली कामं करताना दिसतात, मारहाणीचा आवाज येतो, असं काही असेल तर ते होमस्कूलिंग नाही आणि तिथे भिडेखातर गप्प बसायचं नाही. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाईन नंबर आहे, फोन करा. खरं होमस्कूलिंग करणाऱ्या कुणालाही याचा राग यायचं कारण नाही.

कोल्हापूरहून एक आई: शाळाबाह्य मुलांच्या सर्व्हेला दोन शिक्षिका दारात आल्या. मी घाबरून "गावी आजीकडे शाळेत आहे" असं सांगून टाकलं. मुलगी शेजारीच उभी होती. आता परत आल्या तर?

परत आल्या तर खरं सांगा. त्या बाईंना वरून आदेश आलेला असतो, घरोघर जाऊन शाळेच्या वयाचं कुठलं मूल शाळेत नाही ते शोधायचं, शाळेत नाव असून महिनाभर गैरहजर असलेलं मूलसुद्धा त्यात धरतात. ते सगळं मुख्यतः ऊसतोडीवर, वीटभट्टीवर, सिग्नलवर असलेल्या मुलांसाठी आहे आणि ते व्हायलाच पाहिजे. त्या उन्हात फॉर्म घेऊन फिरतायत, आधी पाणी द्या. मग सांगा की मुलगी घरी शिकते, हा तिचा जन्मदाखला, ही वह्या-पुस्तकं, ही ती, बोला तिच्याशी. फॉर्ममध्ये घरी शिकते असा रकाना बहुधा नसतोच, मग त्या शाळाबाह्य असं लिहितील आणि जवळच्या शाळेत घाला म्हणून सांगतील. ऐकून घ्यायचं. वाद घालून त्यांचा फॉर्म बदलणार नाही. एखादीला खरंच इंटरेस्ट वाटतो आणि ती अर्धा तास बसते, हेही होतं.

काही जण मला लिहितात की ओळखीच्या शाळेत नावापुरतं नाव घालून ठेवलंय, म्हणजे कुणी विचारलं तर सांगता येतं. मला ते आवडत नाही. उद्या तपासणी झाली तर मुख्याध्यापक अडकतात, आणि मुलाला रोज दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, खरी कोणती आणि सांगायची कोणती. तुमची मुलगी शेजारी उभी होती म्हणता, मग तिला एकदा बसवून सांगा की आई घाबरली होती म्हणून तसं बोलली, आपण काही चोरून करत नाही आहोत.

छत्रपती संभाजीनगरहून एक वडील: माझी बायको बँकेत होती, मुलांसाठी नोकरी सोडली, ती शिकवते. मला मित्र म्हणतात, वहिनींनी केवढा त्याग केला. तिला मैत्रिणी म्हणतात, शिक्षण वाया घालवलंस. दोन्ही ऐकून ती चिडते. लोकांना काय उत्तर द्यावं?

दादा, आधी मला एक सांगा, तुम्ही काय शिकवता? पूर्ण पत्रात "ती शिकवते" असं आलंय, तुमचा विषय कुठला ते नाही. ती लोकांवर चिडत असेलही, पण मला वाटतं थोडीशी या वाक्यावरही चिडत असेल.

लोकांना द्यायचं उत्तर "आम्ही दोघं शिकवतो" हे आहे, आणि ते खरं असलं तरच द्यायचं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ पूर्ण तुमची, म्हणजे ती घरात नसली तरी चालेल अशी तुमची, मुलांचं जेवणखाण धरून. काय शिकवायचं ते तुम्ही ठरवायचं, तिला विचारून नाही. भूमिती घ्या, स्कूटरचा प्लग काढून दाखवा, गॅस सिलेंडर बदलणं, बाजारहाट, पासबुक वाचणं, काहीही. आणि तिचं स्वतःचं काही, थोडं का होईना, पैसे मिळवून देणारं काम किंवा नुसता छंद, त्याला वेळ राहिला पाहिजे. घरी शिकवणाऱ्या घरांमध्ये बहुतेक ठिकाणी सगळं आईवर येतं, हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता कुणी कौतुकाने सांगितलं तरी मी पहिलं बाबांचं टाईमटेबल विचारते. "त्याग" म्हणणाऱ्या मित्रांना तुम्हीच सांगा, तिने निवडलंय आणि वर्षभराने परत विचार करणार आहोत आम्ही दोघं. आणि खरंच करा. तिला बँकेत परत जायचं असेल तर मुलं शाळेत जाऊ शकतात, त्याने कुणाचं नाक कापलं जात नाही.

रत्नागिरीहून एक दहा वर्षांचा वाचक (आईच्या फोनवरून): मी शाळेत जात नाही. सगळे विचारतात कितवीत आहेस. मी सांगितलं की शाळेत जात नाही, तर म्हणतात मजा आहे बुवा तुझी, किंवा म्हणतात मग तू मोठेपणी काय करणार. मला दोन्हीचा कंटाळा आलाय. काय सांगू?

मला पण कंटाळा आला असता रे. मोठ्या माणसांना लहान मुलांशी काय बोलावं ते सुचत नाही म्हणून ती "कितवीत" विचारतात, त्यांना खरं तर तुझ्याशी बोलायचं असतं. तू असं म्हणू शकतोस, "मी दहा वर्षांचा आहे, घरी शिकतो." बास. आणि लगेच तूच त्यांना काहीतरी विचार, "तुम्ही काय काम करता?" असं. बघ, ते स्वतःबद्दल बोलायला लागतात आणि कधी कधी फार भारी गोष्टी कळतात, कुणी बोटीवर काम केलेलं असतं, कुणाला आंब्याची कलमं करता येतात. मोठेपणी काय करणार याचं उत्तर "अजून ठरलं नाही" असं आहे, शाळेतल्या मुलांचंही तेच असतं.

कुणी स्पेलिंग नाहीतर पाढे विचारले आणि तुला सांगायचे नसतील तर "आत्ता नको" म्हणायचं. ते उद्धटपणाचं नाही. आवाज मात्र नेहमीचाच ठेवायचा.

अजून एक. "मजा आहे बुवा" हे नेहमी खरं नसतं हे मला माहितीय. तुला कधी शाळेत जाऊन बघावंसं वाटलं, डबा, गॅदरिंग, मित्र यासाठी, तर आईबाबांना सरळ सांग. तुझं मत विचारलंच पाहिजे त्यांनी. (आई, तुमच्या फोनवरून आलंय म्हणजे तुम्हीही वाचताय, हे तुमच्यासाठी पण.)

म्युनिकहून एक वाचक: माझी पुण्यातली नणंद मुलांना घरी शिकवते. ऑफिसमध्ये सहज बोलले तर सगळे हबकलेच. इथे ते बेकायदेशीर आहे म्हणाले. मी उगीच काही चुकीचं बोलून बसले का?

चुकीचं काही नाही, पण ते का हबकले ते समजून घ्या. जर्मनीत शुलफ्लिख्ट आहे, शाळेत जाणं सक्तीचं, घरी शिकणं त्याला पर्याय धरत नाहीत. तिथल्या एका कुटुंबाने युरोपियन मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेलं होतं, २००६ मध्ये कोर्टाने जर्मनीचीच बाजू उचलून धरली. सगळ्या थरांतली मुलं एकत्र शिकावीत, वेगवेगळे कप्पे होऊ नयेत, असा त्यांचा विचार आहे आणि तो काही अगदीच टाकाऊ नाही. तिकडे अमेरिकेत पन्नासही राज्यांत होमस्कूलिंगला परवानगी आहे, न्यू जर्सीत तर आधी कळवावंही लागत नाही. म्हणजे देशादेशांत फरक आहे एवढंच सांगा आणि कॉफी प्या. तुमच्या मुलांना वीकेंडला मराठी शिकवताय ना, त्याला कुणाची बंदी नाही.

आता पटापट काही.

"दहावीचं काय?" (लातूर, जळगाव, पनवेल, सगळीकडूनच) एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, केंद्र सरकारची. दहावीला वय किमान १४ पूर्ण, आधीच्या शाळेचा दाखला नसला तरी पुरेसा अभ्यास केलाय असं स्वतः लिहून देता येतं, जन्माचा पुरावा मात्र लागतो. पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ संधी, दहावीला मराठी माध्यमही आहे. एक-एक दोन-दोन विषय करून सोडवता येतात, हे कुणाला पटकन सांगितलं की चेहरे बदलतात. आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म सगळ्यांना माहितीय, तोही चालतो, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला मागतात, त्यामुळे जे मूल कधीच शाळेत गेलं नाही त्याचं तिथे अडतं. शाळेतून मधेच काढलं असेल तर तो दाखला जपून ठेवा.

"डॉक्टर होता येतं का?" (लातूरच, अर्थात) एनआयओएसची बारावी करून 'नीट', म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा देता येते. आधी ओपन स्कूलवाल्यांना अडवणारा नियम होता, २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तो रद्द केला. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी हे विषय आधीच नीट निवडा आणि त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

"स्कॉलरशिपला बसवता येतं का?" शालेय शिष्यवृत्तीचे फॉर्म शाळेमार्फत भरतात, त्यामुळे नाही. गांधर्वच्या गाण्याच्या, तबल्याच्या परीक्षांना शाळा लागत नाही.

"पुस्तकं कुठली?" बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या साईटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, आणि किशोर मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकसुद्धा ऑनलाईन वाचायला मिळतात. आमच्याकडे किशोर जास्त चालतं.

"मुंबईची ती मुलगी बारावी न करता अमेरिकेत एमआयटीला गेली ना, मग परीक्षांची कटकट कशाला?" गेली, २०१६ मध्ये, खरी बातमी आहे. पण तिच्याकडे आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडची तीन पदकं होती. तेव्हाही इथल्या आयआयटीने बारावीशिवाय घेतलं नव्हतं. कुणी नातेवाइकाने वाद घातला की हे उदाहरण तोंडावर फेकायची फार इच्छा होते, मलाही होते, पण नका फेकू. पुढच्या दिवाळीला तेच नातेवाईक तुमच्या मुलाला विचारतील, काय रे, तुझं कुठलं पदक?

"घरी सकाळी नऊला दार वाजवून 'मुलं काय करतायत बघायला आले' म्हणणाऱ्या काकूंचं काय करायचं?" मटार सोलायला बसवा त्यांना मुलांबरोबर. दुसऱ्यांदा आल्या तर त्या उपयोगाच्या आहेत, नाही आल्या तरी मटार सोलून झाले.